लाल बिअर आणि आडवी बाटली

१४ सप्टेंबर, रविवार

डबा परत आला!

दुपारी अंगणात तांदूळ पाखडत बसले होते. फाटकाशी एक माणूस सायकल टेकवून उभा. पन्नाशीचा, दाढी वाढलेली, हातात कापडी पिशवी. "भोजराजदादाचं घर हेच का जी?" म्हटलं, हेच. त्यानं पिशवीतून डबा काढला. तीन कप्प्यांचा. झाकणावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं नाव — भोजराज. माझ्या आईनं लग्नात दिलेला.

एप्रिलपासून हा डबा शोधत होते. ह्यांना हायवे ओलांडताना गाडीनं उडवलं त्या संध्याकाळपासून. सायकल मिळाली, चपला मिळाल्या. डबा नाही. वाटलं धानाच्या बांधीत उडून पडला असेल, कोणी उचलला असेल.

"कुठं सापडला?" मी विचारलं.

"सापडला नाही वहिनी. आमच्या किचनमंदीच होता. दादा त्या दिवशी न्यायचा विसरले."

"कोणतं किचन?"

 मला माहीत नाही हे त्याला तेव्हा कळलं असावं. "जर्मन हॉटेलचं जी."

मी म्हटलं, तुमची चूक होते आहे. माझा माणूस फुलचूरच्या पलीकडच्या राईस मिलमध्ये बॉयलरवर होता. तो खाली बघत म्हणाला, "वहिनी, शनिवारी डब्यात बरबटीच्या शेंगांची भाजी राहायची. दादा मले अर्धी द्यायचे."

शनिवारी बरबटीच असायची. दोन वर्षं.

हिरालाल त्याचं नाव. तिथं स्वयंपाकी आहे. इतके महिने हिंमत झाली नाही म्हणाला. मग चौकातल्या बॅनरवर ह्यांचा फोटो पाहिला आणि राहवेना.

तो बॅनर मी लावलेला आहे. जर्मन हॉटेल बंद करा म्हणून बायकांनी जो अर्ज दिला, त्यावर पहिली सही माझी आहे.

१५ सप्टेंबर, सोमवार

डबा घासला. पुन्हा घासला. कोणाला सांगू?

१७ सप्टेंबर, बुधवार

कलाबाई धावतच आली. "शामकला, तारीख लागली वं! बारा ऑक्टोबर!" माझी मोठी जाऊ. भिंतीला भिंत लागून घर. 

मतदान असं — गावातल्या फक्त बायकांचं. कागदावर दोन चित्रं. एक उभी बाटली, एक आडवी. उभीवर शिक्का म्हणजे दारू चालू. आडवीवर शिक्का म्हणजे बंद. यादीतल्या सगळ्या बायकांपैकी निम्म्याहून जास्त आडवीवर पाहिजेत. जी घरी बसली ती आपोआप उभीच्या बाजूची. म्हणून एकेकीला घरातून काढून आणायचं आहे आणि शिकवायचंही आहे. शिकवणार मी. चौथी शिकून पुढचं सगळं आपलं आपण वाचलेली बाई गावात मी एकटीच, असं कलाबाई सगळ्यांना सांगते.

तिची गरज मला कळते. तिचा राजदीप हॉटेलच्या मागच्या खिडकीतून प्लास्टिकच्या बाटल्यांत उरलीसुरली घेतो. रोज. त्याची बायको रश्मी पोळ्यापासून माहेरी आहे, डोळ्याखाली काळंनिळं घेऊन गेली. "आडवी बाटली निघाली का मी येते," असा तिचा निरोप आहे.

जाताना कलाबाई ह्यांच्या फोटोपुढे उभी राहिली. "माझा दीर खाल्ला त्या हॉटेलानं. त्याच्या फोटोवरच जिंकून राहिलो आपण, पाहाय."

फोटोखालच्या फळीवर डबा होता. तिचं लक्ष गेलं नाही.

२० सप्टेंबर, शनिवार

आज गेले. चष्म्याचा नंबर काढायला गोंदियाला जाते असं कलाबाईला सांगितलं आणि कालव्याच्या रस्त्यानं गेले. हिरालालनं सांगितलं होतं, हे त्याच रस्त्यानं जायचे.

मागचं फाटक कालव्याकडे आहे. म्हणून गावातल्या कोणाला दिसत नसे. कामावर गावातलं कोणी नाही, सगळे बाहेरचे.

ही पूर्वी मिलच होती. हे बावीस वर्षं तिथं बॉयलरवर होते. मिल बंद पडली, हे फुलचूरच्या मिलमध्ये लागलो म्हणाले, आणि ही भुपेंद्रशेठनं घेतली. तो आठ वर्षं जर्मनीत होता, तिथून बिअर गाळायचं शिकून आला. चिमणी तीच आहे. धान वाळवायच्या ओट्यावर आता टेबलं आणि रंगीत छत्र्या. नागझिऱ्याहून परतलेली शहरातली माणसं गाड्या लावून जेवत होती. आणि बॉयलर — तोच. बाजूच्या खिळ्यावर ह्यांचा दुपट्टा! निळी किनार. मी हात लावला नाही. लावला असता तर तिथंच बसले असते.

आत वाफेचा वास. तो ओळखीचा होता. उसना तांदूळ करताना धान उकडतं, त्याच्या जवळचा. तो वास ह्यांच्या कपड्यांना जन्मभर होता. मग मला फरक कळणार तरी कसा?

भुपेंद्रशेठ आला. मला वाटलं हाकलेल. "भाभीजी, बैठिए. अर्जी पे पहला नाम आपका है, मैंने पढ़ा है." आवाजात राग नव्हता, हेच जास्त लागलं. म्हणाला, दादांनीच अट घातली होती, घरी कळता कामा नये. "कहते थे, मेरी घरवाली को पता चला तो वो मुझे नहीं, तुम्हारी चिमनी को गिराएगी."

हे असं बोलले असतील. हसून बोलले असतील.

मग त्यानं मोठ्या टाक्या दाखवल्या. यात लाल बिअर आहे म्हणे. मार्चमध्ये गाळायची, उन्हाळाभर गारव्यात निजवून ठेवायची आणि आश्विनात उघडायची, अशी जर्मनीची रीत. "इस बार की पूरी आँच भोजराजदादा की है. आख़िरी." चार ऑक्टोबरला उघडणार.

मार्चमध्ये लावलेला जाळ. एप्रिलमध्ये माणूस गेला. जाळाचं काय झालं ते टाकीत अजून निजून आहे.

हिरालालनं ताट आणलं. मी नको म्हटलं. त्यानं ठेवलं आणि निघून गेला. बटाटा कुस्करून केलेला वाफवलेला गोळा, मुठीएवढा, वर दाट रस्सा. आंबवलेली पत्ताकोबी, आपण बांबूचे कोवळे वास्ते आंबवतो तशी आंबट, नाकात जाणारी. आणि गाठ मारलेला पाव, वर जाड मीठ.

तो पाव! हे शनिवारी आणायचे, कागदात गुंडाळून. "फुलचूरला नवी बेकरी निघाली." त्या बेकरीची तारीफ मी अख्ख्या गल्लीत केली होती. कलाबाईला तुकडा दिला होता. "याले मीठ उतू गेलं का वं?" म्हणाली होती.

ताट पुसून खाल्लं. खोटं कशाला लिहू? कोबी दुसऱ्यांदा मागितली. एप्रिलपासून मी घशाखाली घास ढकलते, आज जेवले. जेवताना बरं वाटलं आणि बरं वाटल्याचं लक्षात आल्यावर ताट दूर सारलं, पण तेव्हा ताटात काही नव्हतं.

निघताना विचारलंच. "हे प्यायचे?"

हिरालाल चुलीकडे बघत बोलला. "अर्धा ग्लास. शनिवारी. सुट्टी झाल्यावर, त्या चिमणीखाली बसून. जास्त कधीच नाही जी."

२१ सप्टेंबर, रविवार

अर्धा ग्लास!

मोहफुलं नुसती वाळवायला आणली होती मी एकदा, लाडूंसाठी. तीही ह्यांनी परत पाठवली. घरात नको म्हणाले. दरवर्षी नागपूरला दीक्षाभूमीवर जायचो. गर्दीत माझा हात धरून पुस्तकांच्या दुकानांपर्यंत न्यायचे. "घे, तुला पाहिजे ते घे." पंचशील म्हणताना पाचव्या शीलाला ह्यांचा आवाज सगळ्यांत वर. मी दारू पिणार नाही. आणि शनिवारी चिमणीखाली अर्धा ग्लास.

भांडायचं आहे मला. कडकडून भांडायचं आहे. फोटोशी भांडता येत नाही, तो सगळ्याला हो म्हणतो.

आणि त्या दिवशी? त्या दिवशी प्यायले होते का? सायकलचा तोल गेला का? बॅनरवर मी लिहिलं आहे — दारुड्याच्या गाडीनं घेतला बळी. गाडी कोणाची ते कधी कळलं नाही. लिहिलं मी. माझं अक्षर.

२३ सप्टेंबर, मंगळवार

हिरालाल बाजारात दिसला, कांदे घेत होता. बाजूला घेऊन विचारलं.

"त्या दिवशी मंगळवार होता, वहिनी."

एवढंच बोलला. तिथंच कांद्याच्या पोत्यावर बसले. मंगळवारच होता. आजच्यासारखा.

मग प्यायले नव्हते! सुटल्यासारखं वाटलं, घरी येईपर्यंत. घरी आल्यावर वाटलं, हे मला अजून कुणाकुणाला विचारत फिरावं लागणार आहे?

२८ सप्टेंबर, रविवार

विहारात बायकांना शिकवलं. फिनाईलच्या दोन रिकाम्या बाटल्या नेल्या. एक उभी ठेवली, एक आडवी. भेंडी कापून तिचा शिक्का केला, निळीत बुडवायचा.

सगळ्यांत पुढे देवकाबाई. ऐंशीच्या पुढची, एक डोळा गेलेला. तिचा धाकटा दारूतच गेला. तिनं शिक्का घेतला आणि उभ्या बाटलीच्या डोक्यावर हाणला. बाटली पडली, हसू उसळलं.

"आवं माय, आडवीवर मारायचा!" रश्मी ओरडली. (रश्मी आली. कालच. मतासाठी आली.)

"आडवीवर कायले?" देवकाबाई म्हणाली. "ते त आधीच पडली हाय. पडलेलीले काऊन मारू? जे उभी हाय, तिले पाडा!"

पुन्हा हशा. पण मी बघत होते, मागच्या म्हाताऱ्या हसत नव्हत्या. माना हलवत होत्या. त्यांना पटलं होतं.

त्या क्षणी मला समजलं, मी गप्प राहिले तर काय होईल. कोणाला कळणारही नाही. म्हाताऱ्या आपल्या मनानं उभीला पाडायला उभीवरच मारतील, टाक्या राहतील, चिमणी राहील. फक्त गप्प राहायचं होतं. कलाबाई माझ्याकडे बघत होती, रश्मी बघत होती.

मी देवकाबाईचा हात धरला. हाडं आणि कातडी. म्हटलं, "आजी, हे मारणं नाही. ही सही आहे. आपल्याला बाटली कशी पाहिजे, तिथं सही करायची. पडलेली पाहिजे ना? मग पडलेलीवर." तीनदा करून घेतलं. तिसऱ्यांदा तिनं माझा हात झटकला. "सोड वं, आलं मले!" मग मागच्या एकेकीकडून करून घेतलं. कोणी राहिलं नाही.

"याले म्हणतेत वाचलेली बाई!" कलाबाई सगळ्यांसमोर म्हणाली.

२ ऑक्टोबर, गुरुवार

आज दसरा. धम्मचक्र प्रवर्तन दिन. गावातून दोन गाड्या नागपूरला गेल्या. मी गुडघ्याचं कारण सांगितलं.

विहारात संध्याकाळी पंचशील. चार म्हटली. पाचवं म्हटलं नाही. शेजारी रश्मी होती, तिचा स्वच्छ आवाज ऐकत उभी राहिले.

यंदा नवं पुस्तक नाही घरात.

४ ऑक्टोबर, शनिवार

लिहू का? लिहितेच. हे पान तरी खरं असू दे.

आज लाल बिअर उघडायची होती. सकाळपासून घरात फिरत होते. झाडलं, पुन्हा झाडलं. दुपारी पायात चपला होत्या आणि मी कालव्यावर होते.

ओट्यावर मेळा भरलेला. झेंडूची तोरणं, मध्येच कुठलं तरी परदेशी बाजाचं गाणं. गोंदियाची शेठलोकांची कुटुंबं, पोरीबाळी. माझ्या वयाची एक बाई पँट घालून, हातात हंड्याएवढा ग्लास, खदखदून हसत होती. तिच्याकडे कोणी वळून बघत नव्हतं. तिचा हेवा वाटला. तिचा, या वयात!

भाजलेल्या सॉसेजचा धूर, मोहरीची पिवळी चटणी, आंबट कोबी. हिरालाल घामानं निथळत होता. त्यानं मला बघितलं. चिमणीखाली खुर्ची आणून ठेवली. मी विचारलं, "इथंच का?" तो म्हणाला, "इथंच."

मग ग्लास आणला. अर्धा.

"मी सांगितलं नव्हतं," म्हटलं.

"तर नेतो जी परत."

"राहू दे."

रंग असा — तांब्याच्या घासलेल्या गुंडीवर ऊन पडावं. वास भाजलेल्या धानाचा, ह्यांच्या सदऱ्याचा. किती वेळ नुसती हातात धरून बसले. ती फक्त बिअर असती तर उठून गेले असते. पण हा जाळ होता, ह्यांनी लाकूड सारून, वाफेचा काटा बघून, दुपट्ट्यानं तोंड पुसत लावलेला. जगात ह्यांच्या हातचं आता एवढंच गरम उरलं होतं, तेही गार.

प्यायले. पहिला घोट कडू. दुसरा तसा नाही. मग मागून लाह्यांचा गोडवा आला आणि जिभेवर राहिला. पावाचा तुकडा मोडला, मीठ जिभेवर घोळवलं, पुन्हा घोट. आवडलं मला. रडत होते आणि आवडत होतं. पन्नाशी उलटल्यावर पहिल्यांदा कुठल्या तरी जागी एकटी, टेबलाशी, ताट समोर घेऊन बसले होते आणि कोणाचं काही वाढायचं राहिलेलं नव्हतं. हे इथं बसून काय करायचे ते कळलं. काहीच नाही. बसायचे.

हिरालाल भांडी उचलताना म्हणाला, "आडवी निघाली का हे सारं नालीत सोडतील जी. सील लावायच्या आधी टाक्या खाली करा लागते."

नालीत!

उठले, मागच्या बाजूनं निघाले. आणि खिडकीशी राजदीप. हातात प्लास्टिकची बाटली, तीत तळाशी उरलेलं मिश्र. त्यानं मला पाहिलं. माझ्या तोंडाचा वास त्याला आला असणार.

"काकी! तुमी?" मग हसला. "काकाच्या जागी बसून राहिल्या का?"

म्हणजे त्याला माहीत होतं. दोन वर्षं तो या खिडकीतून काकाला बघत होता.

"सांगत नाही कोणाले," तो म्हणाला. "तुमीबी नका सांगू." माझ्याकडे मान हलवून गेला, एखादा सोबती हलवतो तशी.

धम्म, नवरा, जाऊ, सून — कोणाला मी तोंड दाखवण्यासारखी राहिले?

७ ऑक्टोबर, मंगळवार

रश्मी पाणी मागायच्या निमित्तानं आली. ओठ फाटलेला. परवा रात्रीचं. माझी भिंत लागून आहे, मला आवाज आला नाही? आला. रेडिओ लावला मी. नाही, आवाज आला आणि मी उठून दारापर्यंत गेले आणि "तुमीबी नका सांगू" आठवलं आणि परत आले.

"काकी, निघेल ना जी आडवी?"

"निघेल."

"तुमच्या भरवशावर आली मी. नाहीतर आई पाठवत नव्हती."

तिच्या ओठाला हळद लावली. माझ्या तोंडाकडे ती इतक्या जवळून बघत होती की मी श्वास धरून ठेवला.

९ ऑक्टोबर, गुरुवार

भुपेंद्रशेठकडे गेले. म्हटलं, ती मागची खिडकी बंद कर. माझ्या घरातली पोरगी मार खाते आहे. तो म्हणाला, "भाभी, वो खिड़की मैंने नहीं खोली, लड़के बचा हुआ बेच देते हैं." म्हटलं, तुझी पोरं, तुझी खिडकी, तुझी बिअर.  मग त्यानं माणूस बोलावून माझ्यासमोर पत्रा ठोकून घेतला.

"अब तो ठीक है?"

चार कोपऱ्यांत चार खिळे. मी बघत उभी. खिडकी गेली तर राजदीप थांबेल? की गोंदियाला जाईल? देशी दारूचं दुकान दोन कोसांवर आहे, तिथं आडव्या बाटलीचं मतदान नाही. हॉटेल बंद झालं तरी तो प्यायचाच. प्यायचाच ना? स्वतःशी भांडत घरी आले. मला जे पाहिजे तेच मी स्वतःला पटवते आहे, हे दिसतं मला. इतकी काही आंधळी नाही.

चार खिळे किती दिवस टिकतात?

११ ऑक्टोबर, शनिवार

बॅनर पुन्हा ताणून बांधला. ह्यांच्या फोटोवर धूळ होती, पदरानं पुसली. कलाबाईनं घोषणा दिली, "भोजराजभाऊले न्याय!" सगळ्यांनी "द्या!" म्हटलं.

मीही म्हटलं.

शनिवार होता आज. बरबटीची भाजी केली. कोणासाठी, ते विचारू नये.

१२ ऑक्टोबर, रविवार

शाळेत मतदान. सकाळपासून रांग. धान कापणीला आलेलं, तरी बाया आल्या, कमरेला विळा तसाच. तहसीलचे लोक, पोलीस, मतपेटीवर लाखेचं सील. आम्ही घराघरातून काढून आणलं. एका बाळंतिणीला खाटेवर आणलं.

देवकाबाई बाहेर आली ती ओरडतच. "आडवीवर मारला वं! पाडली तिले!" साहेब रागावले, आजी, मत सांगायचं नसतं. ती म्हणाली, "कायले नाही सांगू? चोरी करून आली का मी?" सगळी रांग हसली.

माझा नंबर आला. पडद्याआड गेले. शिक्का हातात घेतला. बाहेर आले.

संध्याकाळी मोजलं. ज्यांच्या शेतात हॉटेलच्या गाड्या लागतात त्या घरच्या बाया उभीवर मारणार हे धरलेलंच होतं. कलाबाईनं घर-घर मोजून ठेवलं होतं, कोण येणार, कोण कुठं मारणार. तिचा हिशोब बरोबर निघाला — एक सोडून. उभीवर एक जास्त. आणि आडवीला तेवढंच एक कमी.

एका मतानं गेलं!

कलाबाई खालीच बसली. मातीत. मग हळूहळू मान वळवली. देवकाबाईकडे.

"बुढे, कुठं मारला तू?"

"आडवीवर."

"खरं सांग. उभीले पाडाले गेली होतीस ना तू? तुले तेच सुचलं होतं!"

"माझ्या मेल्या लेकराची आन! आडवीवरच मारला!"

कोणी ऐकलं नाही. एकीनं म्हटलं, एका डोळ्याची, दिसलं नसेल. दुसरीनं म्हटलं, हिला आणलंच कायले. सगळ्यांचं त्यात समाधान झालं. म्हातारी एकेकीच्या तोंडाकडे बघत होती. शेवटी माझ्याकडे. "शामकला, तू सांग नं यायले. तूच त शिकवलं मले."

मी म्हटलं, "घरी चला आजी, अंधार होतो आहे."

रश्मी रडली नाही. घरी जाऊन पिशवी भरायला लागली. भिंतीपलीकडून ऐकू येत होतं, डबे, बांगड्या, चेन ओढल्याचा आवाज.

हायवेकडून फटाके.

१३ ऑक्टोबर, सोमवार

रश्मी पहाटेच्या गाडीनं गेली. निरोप घ्यायला आली नाही.

हॉटेलच्या खिडकीचा पत्रा उचकटलेला आहे. दोनच खिळे उरलेत. जाऊन पाहून आले.

विहारात देवकाबाईजवळ कोणी बसलं नाही. तिची सतरंजी मोकळी. पोरं तिला "उभी आजी" म्हणतात. ती आता जो भेटेल त्याला दोन बोटं आडवी धरून दाखवते — अशी, अशी मारला. दुपारी माझ्या दारात येऊन दाखवून गेली. तिला वाटायला लागलं आहे की आपलंच चुकलं असेल. "मले कमी दिसते वं शामकला. मीच असन का?"

१४ ऑक्टोबर, मंगळवार

देवकाबाईनं आडवीवरच मारला. उभीवरचा शिक्का माझा आहे. डबा हातात घेतला आहे, आधी तिच्याकडे जाते, मग कलाबाईकडे.